कनूची तळपट्टी

"काढा," टिपणीस साहेब म्हणाले.

शेडमध्ये आम्ही चौघं होतो. त्यांच्याखेरीज तिघं, आणि तिघांपैकी कुणीच हललं नाही. पालथ्या घातलेल्या कनूच्या, म्हणजे आमच्या होडीच्या, टोकाशी साहेब गुडघे टेकून बसले होते. एक डोळा मिटून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत होते.

"मध्ये पोट आलंय. डावीकडे. चांगलं बोटभर आलंय. काढा ती पट्टी."

इस्माईल मिस्त्रींनी हातातला पेचकस खाली ठेवला. "साहेब, हा तिसरा डाव. दर डावाला नवी भोकं पाडतोय आपण. हिची काय चाळण करायची का?"

"भोकं बुजवता येतात मिस्त्री. वाकडी तळपट्टी घेऊन ही पाण्यात गेली तर एका जागी गरगर फिरेल. लोक म्हणतील, टिपणिसानं केली."

"पण मला तर सरळ दिसते," वाघचौरे मास्तर म्हणाले. ते कॉलनीच्या शाळेत गणित शिकवायचे.

"तुम्हाला दिसेल हो. तुम्ही फळ्यावर खडूनं रेघा मारणारे."

 कोपऱ्यातल्या खिळ्यावरचा आपला मफलर मास्तरांनी काढला, गळ्याभोवती गुंडाळला आणि चालते झाले. ते त्या शेडमध्ये पुन्हा आले नाहीत.

मी खाली बसले आणि पट्टीचे स्क्रू काढायला लागले. मनातल्या मनात दात-ओठ खात होते, पण काढत होते.

ह्या गोष्टीला आता पस्तीसेक वर्षं झाली. आंबेखोल धरणाच्या कॉलनीत मी तेव्हा अनुरेखक होते. अनुरेखक म्हणजे इंजिनियरांनी काढलेले नकाशे पारदर्शक कागदावर शाईनं उतरवून काढणारी बाई. स्वतःचं काही काढायचं नाही, दुसऱ्याची रेघ जशीच्या तशी उचलायची. नोकरीला लागले तेव्हा टिपणीस साहेब आमचे उपअभियंता होते. माझे पहिले तीन नकाशे त्यांनी परत पाठवले आणि चौथ्या वेळी स्वतः माझ्या टेबलाशी आले. "इंदुमती, रेघ ओढताना श्वास सोडायचा नाही. ओढून झाल्यावर सोडायचा," म्हणाले. एवढंच. त्या दिवसापासून माझी रेघ बसली. कचेरीत सगळे म्हणायचे, गव्हाणेबाईंची रेघ म्हणजे सुतासारखी. हे शिकवणारा माणूस माझ्यासाठी कोण होता, ते वेगळं सांगायला नको.

ते निवृत्त झाले, पण काकूंना धरणाची हवा मानवते म्हणून गाव सोडून गेले नाहीत. वेळ कसा घालवायचा ह्या विवंचनेत असताना त्यांना इन्स्पेक्शन बंगल्यामागच्या शेडमध्ये ती होडी सापडली. धरण बांधणाऱ्या इंग्रज साहेबांनी मागे ठेवलेली. लांबलचक, दोन्हीकडून टोकदार, आतून देवदाराच्या पातळ फळ्या आणि बरगड्या, वरून कॅनव्हास ताणून रंग दिलेला. इतकी हलकी की दोघांनी डोक्यावर घेऊन चालावं. कॉलनी तिला कनू म्हणायची. कॅनव्हास केव्हाच फाटून लोंबत होता, बरगड्या मोडल्या होत्या आणि आत घुशींनी संसार मांडला होता.

"ही आपण पुन्हा पाण्यात घालायची," साहेबांनी जाहीर केलं. "दिवाळी झाली की सुरू, होळीला बंद. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात तडकतं. हे काम हिवाळ्याचं."

मग आमचं मंडळ जमलं. वर्कशॉपमधून निवृत्त झालेले इस्माईल मिस्त्री, वाघचौरे मास्तर, साहेब आणि मी. दर रविवारी सकाळी आठ ते एक. माझे यजमान नगरला बँकेत होते, शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं यायचे. "आठवड्यातून एक दिवस बायको मिळते, ती पण होडीवाल्यांना दिली मी," असं सगळ्यांना हसून सांगायचे. घरी मात्र हसायचे नाहीत.

पहिल्या हिवाळ्यातले पहिले दोन महिने काय दिवस होते! पत्र्याच्या लांब पेटीत वाफ कोंडायची, त्यात देवदाराची पट्टी ठेवायची, तासाभरानं काढली की वेतासारखी वाकते. मग धावत जाऊन ती कनूच्या अंगावर दाबून बसवायची. मिस्त्री आणि मास्तर दोन्ही टोकांना लोंबकळत, साहेब ओरडत, "दाबा! निवते आहे, दाबा!" आणि मी पितळी चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकत. ठोकताना बोट चेचलं तर मास्तर म्हणायचे, "बाईंच्या हातून चूक झाली, पण चूक काही आत गेली नाही." हा विनोद आम्ही पंचवीस वेळा ऐकला आणि पंचवीस वेळा हसलो.

संक्रांतीनंतर कुठंतरी बिनसलं.

आधी चुकांच्या रांगा. प्रत्येक बरगडीवर मी पेन्सिलनं आखून चुका मारल्या होत्या. साहेब एका रविवारी म्हणाले, रांगा नागमोडी आहेत, उपट. मी पट्टी लावून बघितली. सरळ होत्या. पण माझ्याकडे त्यांनी असं काही बघितलं की मी पक्कड घेतली आणि दोनशे चुका उपटल्या. पुन्हा मारल्या. पुन्हा त्यांना नागमोडी दिसल्या. पुन्हा उपटल्या. मिस्त्री माझ्या शेजारी बसून हळूच म्हणाले, "बाई, साहेबांचं काही तरी बिघडलंय. घरात कटकट असंल." मास्तरांचं मत पडलं, खुर्ची गेली की असं होतं, हुकूम सोडायला कुणी राहत नाही. मला वाटलं, आपलीच परीक्षा बघताहेत. असं तिघांनी तीन अर्थ लावले आणि तिघांनी निमूट काम केलं. होळी आली तेव्हा आम्ही जिथं असायला हवं होतं त्याच्या निम्म्यावरही नव्हतो.

दुसऱ्या हिवाळ्यात तर कहर झाला. साहेबांनी होडीबांधणीचं इंग्रजी पुस्तक आणलं होतं कुठून तरी, ते आता स्वतः वाचेनात. "तू वाच गं, तुझा आवाज चांगला आहे." मी वाचायचे, ते चुकीचं वाचलं म्हणून रागवायचे. मापं मलाच घ्यायला लावायची आणि घेतलेल्या मापावर विश्वास ठेवायचा नाही. त्यात कार्यकारी अभियंत्यांचं पत्र आलं: शेड सिमेंटच्या गोदामासाठी हवी आहे, एकतीस मार्चला रिकामी करून द्यावी. म्हणजे ह्या हिवाळ्यात झाली तर झाली, नाही तर कनू भंगारात. कॅनव्हास ताणायचा होता. त्यावर कापडाची छिद्रं बुजवणारी लांबी भरायची होती, ती वाळायला महिनाभर लागतो. मग रंग. जानेवारी उजाडला होता आणि आम्ही तळपट्टीवर अडलो होतो.

तळपट्टी म्हणजे होडीच्या पोटाखाली मधोमध बसवायची लांब पट्टी. तिच्यामुळं होडी सरळ चालते. कॅनव्हास चढवायच्या आधी ती एकदा लाकडावर बसवून बघायची, भोकं पाडून ठेवायची. एका दिवसाचं काम. आम्हाला तीन आठवडे लागले होते आणि साहेब म्हणत होते, काढा.

त्या दिवशी मी ती काढली. घरी गेले तर यजमान जेवायचे थांबले होते.

"झाली का पट्टी?"

"काढली."

"परत?"

"परत."

"इंदू, एक विचारू? रेघेतलं तुला जास्त कळतं की त्यांना?"

मी ताट वाढायला घेतलं.  पण आठवडाभर तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. कचेरीत कागदावर रेघ ओढताना हात थांबायचा. वाटायचं, आपल्यालाच तर कमी दिसत नाही? एकदा तर आखलेली रेघ मी भिंतीला लावून चारी बाजूंनी बघितली. सरळ होती. माझी प्रत्येक रेघ सरळ होती, आणि त्याचाच मला संताप यायला लागला.

पुढच्या रविवारी आम्ही तिघंच होतो. मिस्त्रींनी पट्टी चौथ्यांदा बसवली. हातानं नाही, जीव लावून बसवली. प्रत्येक भोकात लाकडाची बारीक खुंटी ठोकून, तासून, पुन्हा नवं भोक पाडलं. साहेब टोकाशी बसले. डोळा मिटला. बघत राहिले.

"तसंच आहे," म्हणाले. "मिस्त्री, तुमचा हात गेला आता. काढा."

इस्माईल मिस्त्री सत्तर वर्षांचे होते. धरणाचे दरवाजे बसवायला त्यांचे हात होते. ते नुसते आपल्या तळव्यांकडे बघत राहिले. ते बघणं मला सोसलं नाही.

मी मिस्त्रींच्या पेटीतून सूत काढलं. सुतार वापरतात ते, पांढरं. एक टोक तळपट्टीच्या त्या अंगाला खिळ्याला बांधलं, दुसरं ह्या अंगाला, साहेबांच्या नाकासमोर. ताणलं. सूत पट्टीच्या कडेला असं बसलं की मधून कागद जाऊ नये.

"बघा साहेब."

ते वाकले. बघितलं. "सूत सैल धरलंयस."

मी आणखी ताणलं. बोटानं छेडलं तर तुणतुण्यासारखं वाजलं.

"हे सैल आहे?"

"वाकडंच आहे," ते म्हणाले. पण आवाज जरा कमी झाला होता. "मध्ये... डावीकडे गेलंय. पट्टीबरोबर सूत पण गेलंय."

आणि मी बोलले. वर्षभराचं सगळं एका दमात बोलले. "साहेब, दोन खिळ्यांच्या मध्ये ताणलेलं सूत वाकडं जाऊच शकत नाही. हे तुम्हीच शिकवलंत. लाकूड वाकडं नाही, सूत वाकडं नाही, मिस्त्रींचा हात गेला नाही. वाकडं आहे ते तुमचं बघणं. तुम्हाला कुणाचं काही सरळ दिसतच नाही. मास्तर त्याच पायी गेले. उद्या आम्ही पण जातो, मग बसा एकटे हुकूम सोडत!"

"बाई," मिस्त्री म्हणाले. "बस करा."

साहेब चिडतील, ओरडतील, असं मला वाटलं होतं. ते खालीच बसून राहिले. सुताकडे बघत होते. मग डावा डोळा तळहातानं झाकला. हात काढला. उजवा झाकला. पुन्हा डावा. मग बोट पुढे करून सुताला लावलं आणि गुडघ्यांवर सरकत सरकत, बोट सुतावरून न उचलता, कनूच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. सोळा फूट. त्या टोकाशी पोचल्यावर बोट उचललं.

"बरोबर आहे," म्हणाले. "पट्टी सरळ आहे. कॅनव्हास घ्या चढवायला."

उठले, गुडघे झटकले आणि दाराची चौकट हातानं धरून बाहेर पडले.

खोटं कशाला सांगू, मी जिंकले होते. घरी जाताना पाय हलके होते. यजमानांना सगळं साग्रसंगीत सांगितलं. ते म्हणाले, "उशीर केलास, पण छान केलंस."

पुढच्या रविवारी साहेब आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. त्यांच्या क्वार्टरला कुलूप होतं. लेकीकडे पुण्याला गेलेत, असं शेजारच्यांनी सांगितलं. "रुसले," मिस्त्री म्हणाले. मी म्हटलं, "रुसू देत." मास्तरांना आम्ही आणायला गेलो, तर ते म्हणाले, माझ्या मनातून उतरलं ते उतरलं. मग यजमानच रविवारी बाह्या सारून यायला लागले. कॅनव्हासची झोळी दोन निलगिरींच्या मध्ये बांधली, कनू तिच्यात ठेवली, चेन-पुलीनं कॅनव्हास ताणला आणि मिस्त्रींनी कडेनं चुका मारल्या. एक सुरकुती पडली नाही. लांबी भरली. काम असं भराभरा चाललं होतं की दर रविवारी मला नव्यानं राग यायचा. हे सगळं मागच्याच वर्षी झालं असतं!

मार्चच्या पहिल्या आठवड्यात दोघं पुण्याहून परतली आणि काकू कचेरीत आल्या. साहेबांच्या निवृत्तिवेतनाचा कसला तरी कागद हवा होता. एकट्या आल्या होत्या. मी जरा ताठ्यातच खुर्ची दिली.

"साहेब कसे आहेत?"

"आहेत," काकू म्हणाल्या. "आता जरा सवय होतेय."

"कशाची?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुला माहीत नाही? मला वाटलं, तूच म्हणाली होतीस त्यांना. त्या रविवारी घरी आले ते म्हणाले, कुमुद, इंदूनं दाखवलं तेव्हा कळलं, माझे डोळे गेलेत. दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी पकडली आम्ही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. डोळ्याच्या आतला पडदा मधोमध सुजतो, आणि सरळ रेघेला पोट आल्यासारखं दिसतं. मजा म्हणजे दुखत नाही, खुपत नाही. आधी उजव्याला झालं. मागच्या हिवाळ्यातच कधीतरी. त्याचा मधला भाग गेला तो गेलाच, काळा डाग उरला. त्यांना कळलं पण नाही, कारण तोवर बघायचं काम डाव्यानं उचललं होतं. आता डाव्यालाही लागण झाली होती. पुण्याच्या डॉक्टरांनी लेसर लावून तो तेवढ्यावर थांबवला. चालता-फिरता येतं, माणूस ओळखू येतं, वाचता येत नाही.

"डॉक्टर चिडले यांच्यावर," काकू म्हणाल्या. "म्हणाले, वर्षभर आधी आला असता तर उजवा पण वाचला असता. एवढे शिकलेले तुम्ही, सरळ वस्तू वाकड्या दिसत होत्या ते कुणाला बोलला नाहीत? तर हे म्हणाले, बोलत होतो की. रोज बोलत होतो. सगळे ऐकत होते."

मी काकूंना कागद करून दिला. सही कुठं करायची ते दाखवलं. संध्याकाळी त्यांच्या क्वार्टरपर्यंत गेले आणि फाटकाला हात लावून परत आले. त्या आठवड्यात असं तीनदा झालं.

अठ्ठावीस मार्चला कनू पाण्यात घातली. हिरवा रंग, आतून जवसाचं तेल पिऊन तांबूस झालेलं लाकूड. मिस्त्रींनी नारळ फोडला आणि मग बिस्मिल्लाही म्हणाले. दोन्ही झालेलं बरं, असं त्यांचं म्हणणं. कॉलनीतली बरीच माणसं आली होती. साहेबही आले, काकूंचा हात धरून, काळा चष्मा लावून. मिस्त्री पुढे झाले, तर साहेबांनी त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "मिस्त्री, हात माझा गेला होता. तुमचा नाही." मिस्त्रींना रडूच आलं.

"मला बसवा हिच्यात," साहेब म्हणाले. "इंदू चालवेल."

ते पुढे बसले, मी मागे. वल्हं एकच होतं, माझ्याकडे. कनू निघाली ती अशी निघाली, जशी सुरी लोण्यातून. काठावरच्या टाळ्या मागे पडल्या. माझ्यासमोर त्यांची पाठ होती आणि पांढरी मान. चेहरा दिसत नव्हता म्हणूनच माझा धीर झाला.

"साहेब, त्या दिवशी मी फार वाईट बोलले. मिस्त्रींच्या देखत तुमचा अपमान केला. मला माफ करा."

 पाण्याचा आवाज येत राहिला.

"माझं काही तरी चुकतंय, हे तुला कधी लक्षात आलं होतं?"

खोटं बोलावंसं वाटलं. "मागच्या संक्रांतीला," मी म्हटलं.

"आणि बोललीस ह्या जानेवारीत."

"हो."

"मधे का नाही बोललीस?"

काय सांगणार? तुम्ही साहेब होतात. तुम्ही मला रेघ शिकवलीत. कचेरीत माझी खुर्ची होती ती तुमच्यामुळं. मनातून तुमच्यावर जळत होते, पण तोंडानं हो साहेब, हो साहेब म्हणत होते, आणि त्याला मान राखणं म्हणत होते. ह्यातलं काहीच मला बोलता आलं नाही. "तुम्ही सांगत होतात म्हणून," एवढंच तोंडातून आलं.

त्यांनी मान हलवली. रागानं नाही. कबूल केल्यासारखी.

आम्ही जलाशयाच्या आतल्या अंगाला आलो होतो. धरण होण्याआधी तिथं झाडी होती. पाणी उतरायला लागलं की बुडालेली खोडं टोकं वर काढतात. साहेबांनी मागे न बघता हात पसरला.

"दे ते वल्हं इकडे. थोडा मी चालवतो."

हात तसाच थांबला होता. वल्हं माझ्या मांडीवर आडवं होतं. द्यायला निघालेच होते मी.

"नाही साहेब," मी म्हटलं. "पुढे खोडं आहेत. तुम्हाला दिसणार नाहीत."

हात क्षणभर हवेत राहिला. मग त्यांनी तो मागे घेतला आणि कनूच्या काठावर ठेवला.

"आता कशी बोललीस," साहेब म्हणाले.